कॉर्टिसॉलवर पीएचडी: वाय-१ घ्यायची की एच-२९५आर?

कॉर्टिसॉल म्हणजे मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत बनणारं ताणाचं संप्रेरक. छत्रपती संभाजीनगरला किंवा नांदेडला अ‍ॅड्रिनल गाठीच्या पेशींवर काम करायचं ठरवलं, की सेल लाइन (प्रयोगशाळेत वाढवत राहता येणाऱ्या एकाच मूळच्या पेशी) कोणती हे सिनॉप्सिस लिहिण्याआधीच ठरवा. नंतर बदलली तर सगळंच बदलावं लागतं.

वाय-१ ही उंदराच्या अ‍ॅड्रिनल गाठीतली, १९६६ सालापासूनची. पिट्युटरीच्या एसीटीएचला (अ‍ॅड्रिनलला कामाला लावणाऱ्या संप्रेरकाला) ती झकास प्रतिसाद देते. रिसेप्टर (पेशीवर संप्रेरकाचा निरोप घेणारं प्रथिन), सायक्लिक एएमपी (तो निरोप पेशीत पोचवणारा रेणू), प्रोटीन कायनेज ए (त्याने जागं होणारं एन्झाइम) आणि मग कोलेस्टेरॉल मायटोकाँड्रियात पोचवणारं स्टार प्रथिन, ही सगळी साखळी तिच्यात अभ्यासता येते. एसीटीएच टाकल्यावर थोड्याच वेळात चपट्या पेशी आक्रसून गोल होतात, साध्या मायक्रोस्कोपखालीही दिसतं. पहिल्यांदा बघताना फार आनंद होतो. वाढतेही भराभर.

पण ती कॉर्टिसॉल बनवत नाही! उंदराच्या अ‍ॅड्रिनलमध्ये त्यासाठी लागणारं १७-हायड्रॉक्सिलेज हे एन्झाइम नसतंच, आणि वाय-१ मध्ये २१-हायड्रॉक्सिलेजही नाही. प्रोजेस्टेरॉनपासून तयार होणारी वेगळीच स्टिरॉइड्स मोजावी लागतात. कॉर्टिसॉलचं एलायझा किट (प्रमाण मोजायचा संच) मागवलंत तर पैसे पाण्यात.

एच-२९५आर माणसाच्या अ‍ॅड्रिनल कॅन्सरमधली. कॉर्टिसॉल, अल्डोस्टेरॉन, अँड्रोजेन, तिन्ही देते. अडचण एकच, पण मोठी: एसीटीएचचे रिसेप्टर फार कमी, त्यामुळे एसीटीएचला प्रतिसाद जेमतेम. म्हणून बहुतेक जण फोर्स्कोलिन या रसायनाने थेट सायक्लिक एएमपी वाढवतात. अँजिओटेन्सिन-२ या संप्रेरकाला ती चांगली जागी होते, पण ते मुख्यतः अल्डोस्टेरॉनवाल्यांच्या कामाचं. मानवी पेशीत एसीटीएचच हवं असेल, तर तिचाच क्लोन एचएसी-१५ बघा.

माझं मत स्पष्ट आहे. शीर्षकात ‘कॉर्टिसॉल’ असेल तर एच-२९५आर, आणि फक्त सिग्नलिंग (एसीटीएचच्या निरोपाची साखळी) असेल तर वाय-१.

एच-२९५आर सावकाश वाढते, म्हणजे मे महिन्यात लाइट गेली की नुकसानही मोठं. सुरुवातीच्या पॅसेजच्या (फार वेळा नव्या बाटलीत न हलवलेल्या पेशींच्या) व्हायल गोठवून ठेवाच. लिक्विड नायट्रोजनची पंचाईत झाली तर पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. रेतमात्रा त्यातच ठेवतात, तेव्हा पुरवठा कुठून होतो हे त्यांना पक्कं माहीत असतं.

आणि मीडियमची (पेशी वाढवायच्या पोषक द्रवाची) घटकांची यादी नीट वाचा. एच-२९५आर जिच्यापासून आली त्या मूळ एच-२९५ च्या काही मीडियममध्ये हायड्रोकॉर्टिसोन असतं, म्हणजे कॉर्टिसॉलच. ते राहिलं तर किट पेशींचं नाही, बाटलीतलं कॉर्टिसॉल मोजेल.