गुण आला तिथंच फसलो

माझी पिठाची गिरणी आहे. वीस वर्षं दळणं दळतोय, त्यामुळं पांढऱ्या भुवया आणि खोकला हे धंद्यातलंच समजत आलो. चाळिशीच्या आसपास रात्री तीनच्या सुमाराला छातीत शिट्ट्या वाजायला लागल्या. उठून खिडकीपाशी बसायचं, हात गुडघ्यांवर टेकवायचे आणि उजाडायची वाट बघायची. तालुक्याच्या डॉक्टरांनी दमा सांगितला, पंप लिहून दिला. तो मी चार महिने घेतला, तोही लोकांची नजर चुकवून. ‘पंप एकदा लागला की सुटत नाही’ हे मला दळण घेऊन येणाऱ्या निदान दहा जणांनी ऐकवलं होतं, आणि ‘त्यात स्टेरॉइड असतं बरं का’ हे अकराव्यानं.

लहानपणी आई मला कोजागरीच्या रात्री दम्याच्या औषधाची खीर खायला घेऊन जायची, कारण धाप तेव्हाही थोडी होती. त्या खिरीनं काही झालं नाही, पण बिघडलंही नाही. पंप सोडून आयुर्वेदिक म्हणून जी पुडी घेतली, तिचं तसं नव्हतं.

दोन तासांच्या एसटीच्या रस्त्यावर, हायवेला लागून पुडी देणाऱ्या गृहस्थांच्या दोन खोल्या. रविवारी पहाटे सहापासून नंबर लागायचे. भिंतीवर बऱ्या झालेल्या पेशंटांचे फोटो होते, पदवीची पाटी मात्र कुठं दिसली नाही. तेव्हा मी ती शोधलीही नाही. त्या गृहस्थांनी नाडी धरली आणि म्हणाले, ‘‘दमा मुळापासून काढतो. प्रतिकारशक्ती वाढली की दमा राहतच नाही. पंप आजच बंद करायचा, नाहीतर औषध लागू पडत नाही.’’ साठ पुड्या, महिन्याचे सोळाशे रुपये. पावती मागितली तर हसले, ‘‘सेवेची पावती असते का?’’ वर पथ्य: दही, केळं, आंबट, फ्रिजचं पाणी बंद. हे पथ्य फार कामाचं असतं, पेशंटच्या नाही, त्यांच्या. कधी कमी-जास्त झालं की पहिला प्रश्न ठरलेला, ‘‘काय खाल्लं होतं?’’

तिसऱ्या रात्री मी सलग झोपलो. बायकोला वाटलं काही झालं की काय, तिनं उठवून बघितलं. पंधरा दिवसांत मी पुन्हा गव्हाची पोती उचलायला लागलो. खरं सांगतो, मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं, आणि पुढच्या रविवारी पडलोही. मग भेटेल त्याला सांगत सुटलो. आमच्या गल्लीतले चौघं माझ्या शब्दावर तिकडं गेले.

भूक इतकी वाढली की रात्री दोन वाजता उठून शिळी भाकरी खायचो. एकसष्ट किलोचा चौऱ्याहत्तर झालो. गाल फुगले, चेहरा गोल झाला आणि लोक म्हणायला लागले, ‘‘तब्येत सुधारली की!’’ हातपाय मात्र काटकुळे झाले होते, जिना चढताना मांड्यांत जोर लागत नव्हता. पोटावर जांभळे चट्टे उठले, बाळंतिणीला उठतात तसे पण रुंद. मग गजकर्ण झालं, कंबरेपासून पाठभर. विचारलं तर म्हणाले, ‘‘शरीरातली उष्णता बाहेर पडतेय, चांगलं लक्षण आहे.’’ मला पटलं. रात्रीची शांत झोप देणाऱ्या माणसाचं सगळंच पटतं.

अकराव्या महिन्यात नवरात्र आलं, त्यांच्याकडं नऊ दिवस बंद. माझ्या पुड्या दुसऱ्या माळेला संपल्या. पाचव्या माळेला उलट्या सुरू झाल्या, अंगात उभं राहण्याचं त्राण राहिलं नाही आणि संध्याकाळी धाप अशी लागली की तोंडातून अख्खं वाक्य निघेना. भावानं रिक्षात घालून जिल्ह्याच्या गावी नेलं. रक्तदाब ऐंशीवर आला होता.

छातीच्या डॉक्टर मॅडमनी माझा चेहरा बघितला, शर्ट वर करून पोट बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, ‘‘दादा, पुडी कुठून घेता?’’ मी म्हणालो, पुडी आयुर्वेदिक आहे, इंग्रजी औषध मी वर्षभर घेतलेलं नाही. त्यांनी मान हलवली आणि आधी इंजेक्शन द्यायला सांगितलं.

पुढचे दोन दिवस राउंडला आल्या की त्या थोडं थोडं समजावत होत्या. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या ग्रंथी असतात. त्या कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, बनवतात आणि आजारपणात, ताणात शरीर त्याच्यावर तग धरतं. बाहेरून रोज स्टेरॉइड मिळायला लागलं की या ग्रंथी काम सोडून देतात. मग बाहेरचं एकाएकी थांबलं तर आतलं लगेच सुरू होत नाही. माझा चेहरा, पोट, चट्टे सगळं सांगत होतं की अंगात स्टेरॉइड जास्त आहे, आणि रक्त तपासलं तर माझं स्वतःचं कॉर्टिसॉल जवळपास तळाला गेलेलं. ‘‘या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की स्टेरॉइड बाहेरून गेलंय असंच आम्ही धरतो,’’ मॅडम म्हणाल्या. साखरही वाढलेली निघाली.

गजकर्णाचा उलगडाही तेव्हाच झाला. दम्यात प्रतिकारशक्ती कमी नसते, उलट ती नको तिथं भडकते. धूळ, पीठ, परागकण अशा साध्या गोष्टींना शत्रू समजून श्वासनलिका सुजवते. ‘प्रतिकारशक्ती वाढवतो’ म्हणणाऱ्या माणसानं अकरा महिने स्टेरॉइड देऊन माझी प्रतिकारशक्ती दाबून टाकली होती. सूज त्यामुळंच उतरली आणि गजकर्णाला रान मोकळं मिळालं तेही त्यामुळंच.

आणि ज्या भीतीनं पंप सोडला तिचा हिशोब मॅडमनी केसपेपरच्या मागं मांडला. पंपातून सकाळ-संध्याकाळ मिळून चारशे मायक्रोग्रॅम स्टेरॉइड, तेही थेट श्वासनलिकेत. पुडीत किती होतं ते कुणालाच ठाऊक नाही, पण समजा वीस मिलिग्रॅमच्या गोळीइतकं धरलं, तर ते झाले वीस हजार मायक्रोग्रॅम, सगळ्या अंगात. पन्नास पट. माझ्यासारख्या रोज किलो-ग्रॅम मोजणाऱ्या माणसानं हे वजन मात्र केलं नव्हतं.

गिरणीचं त्यांनी वेगळंच विचारलं. ‘‘चार दिवस गावाला गेलात की कसं असतं?’’ बरं असायचं. पंढरपूरला गेलो की मला पंपाची आठवणही यायची नाही, आणि मी ते विठ्ठलाच्या खात्यावर टाकायचो. पिठाच्या धुळीचा दमा गिरणीवाल्यांत आणि बेकरीवाल्यांत होतो, हे मला वीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. पुढं फुंकायची तपासणी झाली, एकदा पंपाआधी आणि एकदा पंपानंतर. दुसऱ्या वेळी फुंकर चांगलीच वाढली. दमा ओळखायला ही तपासणी लागते, नाडी धरून ते कळत नाही.

इथं आयुर्वेदाला नावं ठेवायची नाहीत. आमच्याच गावात पदवीधर वैद्य आहेत. त्यांना पुडी दाखवली तर ते माझ्याहून जास्त चिडले. आयुर्वेदिक औषधालाही लेबल लागतं: त्यात काय काय आहे, बनवणारा कोण, परवाना क्रमांक, बॅच, तारीख. माझ्या पुडीवर फक्त ‘स’ आणि ‘रा’ लिहिलेलं असायचं. शिवाय दमा बरा करण्याचा दावा कुठल्याही औषधावर करायला औषध नियमांच्या अनुसूची ‘जे’नुसार मनाई आहे, हेही त्यांच्याकडूनच कळलं. अन्न व औषध प्रशासनाकडं लेखी तक्रार दिली आहे, उरलेले रिकामे कागदही जोडले आहेत. सोळाशे गुणिले अकरा, सतरा हजार सहाशे गेले, त्याची पावती माझ्याकडं नाहीच.

आता मॅडमनी दिलेली स्टेरॉइडची गोळी थोडी थोडी कमी करत आणली आहे, त्याला कित्येक महिने लागतात. तुमच्या घरात कुणी अशी पुडी घेत असेल तर हे वाचून ती आज रात्री फेकून देऊ नका. माझं जे झालं ते पुडी एकदम थांबल्यानंच झालं. पुडी हातात घेऊन डॉक्टरकडं जा आणि लाज न धरता दाखवा. गिरणी आता भाऊ चालवतो, धूळ ओढणारा पंखा बसवलाय. पंप माझ्या खिशात असतो, वरच्या.

मी पाठवलेल्या चौघांच्या घरी गेलो. तिघांनी ऐकून घेतलं, त्यांतल्या एकानं शिव्याही घातल्या, त्या मी घेतल्या. चौथ्या म्हणजे कोपऱ्यावरच्या मावशी. त्यांनी चहा ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘अरे पण मला गुण आहे की! तूच तर सांगितलं होतंस.’’ त्यांचे गोल, लालसर गाल बघून मला पुढं बोलता येईना. शेवटी सुनेला ओट्यावर बोलावलं, सगळं सांगितलं आणि पुड्या अजून बंद करू नकोस म्हणून दोनदा बजावलं. सोमवारी सकाळच्या एसटीनं मावशींना घेऊन जिल्ह्याला गेलो.