पायथनमध्ये तारीख: सेटलोकेल की बेबल?

वापरकर्त्याच्या भाषेत तारीख दाखवायला पायथनमध्ये दोन वाटा आहेत. एक घरचीच: लोकेल (म्हणजे भाषा आणि देशानुसारची सेटिंग) मॉड्यूलमधलं सेटलोकेल आणि जोडीला तारखेचा मजकूर बनवणारं एसटीआरएफटाइम. दुसरी बेबल ही लायब्ररी, जी वेगळी बसवावी लागते.

पहिल्या वाटेला काहीच बसवावं लागत नाही. स्वतःच्या मशीनवर चालणाऱ्या छोट्या स्क्रिप्टला ती पुरते. सर्व्हरवर मात्र ती मला धोक्याची वाटते. सेटलोकेल संपूर्ण प्रोसेसचं, म्हणजे चालू असलेल्या अख्ख्या प्रोग्रामचं, लोकेल बदलतं. एका थ्रेडने (प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या एका कामाने) जर्मन लावलं, की त्याच क्षणी दुसऱ्या थ्रेडमधल्या फ्रेंच वापरकर्त्यालाही जर्मन महिने दिसू शकतात. असा बग चाचणीत सहसा सापडत नाही, कारण तिथे एका वेळी एकच विनंती येते. शिवाय महिन्यांची नावं ऑपरेटिंग सिस्टिमकडून येतात. डॉकरच्या (अ‍ॅप आपल्या गरजेच्या फाइल्ससह बंदिस्त चालवणारं साधन) हलक्या इमेजमध्ये हवं ते लोकेल नसेल, तर थेट एररच येते.

बेबल युनिकोडच्या सीएलडीआरचा, म्हणजे भाषा-देशांनुसार तारखा वगैरे कशा लिहितात याच्या संग्रहाचा, डेटा सोबत घेऊन येतं, त्यामुळे पॅकेज जड होतं. पण लोकेल प्रत्येक कॉलला वेगळं देता येतं आणि 'शॉर्ट' किंवा 'लाँग' एवढं सांगितलं, की दिवस आधी की महिना आधी हे ते स्वतः ठरवतं. ०३/०४ म्हणजे मार्च की एप्रिल, हे देशागणिक बदलतं; तो क्रम हाताने लिहूच नये.

बेबलला तारखेचा स्वतःचा पॅटर्न (अक्षरांनी लिहिलेला साचा) दिलात तर एक जपा: वर्षासाठी छोटा वाय (y). मोठा वाय (Y) आठवड्यांवरून मोजलेलं वर्ष देतो. जर्मन लोकेलमध्ये ३१ डिसेंबर २०२४ ला तो २०२५ छापतो.

वेब अ‍ॅपसाठी मी बेबलच घेईन.