पाळणाघरासाठी ४८ लाखांचं मंजुरीपत्र आलं आणि आमचेच १,८६,५०० रुपये गेले

गेल्या आठवड्यात दुपारी, मुलं झोपलेली असताना, जालन्याहून एका ताईंचा फोन आला. त्याही पाळणाघर चालवतात. म्हणाल्या, "तुमच्या संस्थेला त्या सरांनी ४८ लाखांचा सीएसआर फंड (कंपन्यांचा समाजकामासाठीचा निधी) मिळवून दिला ना? त्यांनी तुमचंच नाव सांगितलं. उद्या त्यांना पहिले २५ हजार पाठवायचे आहेत. म्हटलं, आधी तुमच्याशी बोलून घ्यावं."

मला काही क्षण बोलताच येईना. दीड वर्षापूर्वी ज्या माणसाने आम्हाला लुबाडलं, तो आता आमच्याच नावावर दुसऱ्यांना लुबाडत होता. आणि आम्ही ही पूर्ण गोष्ट कधी उघडपणे सांगितली नव्हती म्हणूनच त्याला ते जमत होतं. म्हणून आज सगळं लिहिते आहे. मला ज्याची लाज वाटते तेही.

नाशिकमध्ये सातपूर एमआयडीसीला लागून असलेल्या वस्तीत बारा वर्षं आमचं पाळणाघर आहे. मुलं २६. कुणाची आई पॅकिंगला, कुणाची असेंब्ली लाईनवर, बऱ्याचजणी घरकामाला. सातची शिफ्ट असते, त्यामुळे पावणेसातला पहिलं मूल दारात असतं. महिन्याची फी ११००. म्हणजे सगळ्यांनी वेळेवर दिली तर २८,६०० रुपये. त्यातून जागेचं भाडं ९,५०० आणि दोन मावशींचे १४,०००. उरलेल्या पाच हजारांत दूध, खिचडी, गॅस, वीज, औषधं. दर महिन्याला चार-पाच हजार कमी पडतात, ते ओळखीच्या देणगीदारांकडून उभे करतो. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे, ऑडिट दरवर्षी होतं, १२ए (संस्थेला आयकरातून सूट) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) दोन्ही आहे.

अडचण होती ती तान्ह्या बाळांची. जागा एकच खोली आणि पडवी, त्यामुळे दोन वर्षांखालचं मूल आम्ही घेत नव्हतो. आमच्या कार्तिकच्या आईला दुसरं बाळ झालं. आठ महिन्यांच्या त्या बाळाला ठेवायला कुठेच जागा मिळाली नाही आणि तिची नोकरी सुटली. मोठ्यालाही तिने काढलं, फी परवडेना म्हणून. तिने कार्तिकचा डबा आणि पांघरूण पिशवीत भरलं तेव्हा मी ठरवलं, काहीही करून मोठी जागा घ्यायची.

पूर्वी आमच्यासारख्या संस्थांना सरकारी वाट होती. २००६ पासून राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना होती. समाजकल्याण मंडळ आणि एक-दोन मोठ्या संस्थांमार्फत छोट्या संस्थांना पाळणाघरं मिळायची. २०१७ मध्ये ती राज्यांकडे गेली, आणि आता केंद्र सरकारच्या मिशन शक्तीतल्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर करण्यावर भर आहे. सरकारने ते करायलाच हवं. पण बाहेरून काम करणारी आमच्यासारखी संस्था मग सीएसआरकडे वळते. नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नफा ५ कोटी, यातलं एक जरी असलं तरी त्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात, हे आता सगळ्या संस्थाचालकांना पाठ असतं. पैसा आहे हे माहीत असतं. त्याच्यापर्यंत पोचायचं कसं, ते माहीत नसतं. या दोन्हींच्या मध्ये असे लोक दुकान मांडून बसतात.

हे गृहस्थ संस्थाचालकांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर भेटले. जानेवारी २०२४ मध्ये स्वतः पाळणाघरात आले. जमिनीवर बसले, एका पोराच्या बुटाची नाडी बांधून दिली, आणि डायरीत लिहून घेतलं: बाळांसाठी सहा पाळणे, दूध पाजायला आडोसा, वेगळं न्हाणीघर. मी न सांगता. आमच्या कामातलं इतकं समजणारा माणूस मला इतक्या वर्षांत भेटला नव्हता. एका मोठ्या कंपनीच्या सीएसआर विभागाशी आपली थेट ओळख आहे, म्हणाले. प्रस्ताव ४८ लाख ६० हजारांचा करू.

मग म्हणाले, "ताई, एक गोष्ट स्पष्ट बोलतो. रक्कम जमा झाली की पंधरा टक्के रोख परत द्यावे लागतात. वरपर्यंत जातात. सगळीकडे हेच चालतं."

मी तेव्हाच त्यांना दार दाखवायला हवं होतं. नाही दाखवलं. डोळ्यांसमोर सहा पाळणे होते. मी "बघू" म्हणाले, आणि त्यांनी त्याला होकार धरलं. खरं तर तो होकारच होता.

माझं नुकसान या एका शब्दाने झालं, पुढच्या पैशांनी नंतर. कारण त्या दिवसापासून मला कुणाला काही विचारताच येईना. आमचे सीए पंधरा वर्षांपासून ओळखीचे, एका फोनवर त्यांनी हे सगळं उघडं पाडलं असतं. पण त्यांना विचारायचं तर पंधरा टक्क्यांचं सांगावं लागणार. विश्वस्तांमधल्या निवृत्त मुख्याध्यापक काकांनी तर ऐकूनच राजीनामा दिला असता. त्यामुळे मी सगळ्यांना एवढंच सांगत राहिले की प्रस्ताव पाठवलाय, बोलणी चालू आहेत. शिवाय "स्पर्धा फार आहे, मंजुरी येईपर्यंत बाहेर बोलू नका" असं ते सारखं बजावत होतेच.

आधी १५,००० फाईल चार्ज. मग प्रकल्प अहवाल बनवण्याचे ३६,५००. तो अहवाल नंतर नीट वाचला तर त्यात दोन ठिकाणी 'वृद्धाश्रम' असा शब्द राहिला होता, कुठल्या तरी जुन्या अहवालावरून उतरवलेला. मग कंपनीची माणसं तपासणीला येणार म्हणून ४५,०००. ती माणसं आलीही. दोघं, गळ्यात ओळखपत्रं. वीस मिनिटं फोटो काढून गेली. पैसे दरवेळी कुठल्यातरी 'एंटरप्रायझेस'च्या खात्यात गेले. पावती एकदाही मिळाली नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मंजुरीपत्र आलं. वर कंपनीचं बोधचिन्ह, खाली गोल शिक्का, रक्कम आकड्यात आणि अक्षरात. मी ते छापून मुलांच्या खेळण्यांच्या कपाटावर लावलं. मावशींनी पेढे आणले. त्यानंतर तीन दिवसांनी ९०,००० रुपये सिक्युरिटी डिपॉझिट मागितलं. पहिल्या हप्त्याबरोबर परत मिळणार, पण ३१ मार्चच्या आत भरलं नाही तर निधी दुसऱ्या संस्थेला जाणार. मार्चअखेरची घाई कंपन्यांत खरोखर असते, म्हणून ते पटलं. ५० हजार संस्थेच्या ठेवीतून काढले. उरलेले ४० हजार मुलांच्या आयांनी दिले, कुणी दोन महिन्यांची फी आगाऊ, कुणी भिशी उचलून. एकीने तर शंभराच्या नोटा ओच्यातून सोडवून माझ्या हातावर मोजल्या. एकूण १,८६,५०० रुपये.

याशिवाय आणखी एक गोष्ट त्यांनी नेली. तेव्हा मला ती किरकोळ वाटली. संस्थेची चार कोरी लेटरहेड, माझ्या सही-शिक्क्यासकट. "अहवालाला जोडायला लागतील, दरवेळी नाशिकला कुठे येऊ?"

१६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि त्यांना चांगलं कारण सापडलं. "आता ४ जूनच्या निकालानंतर बघा." खासगी कंपनीच्या निधीला आमच्या पाळणाघराच्या बाबतीत आचारसंहितेचं काय, हा प्रश्न मला पडला होता. विचारला नाही.

जूनमध्ये ठाण्याहून एका अनोळखी गृहस्थांचा फोन आला. आवाज चढलेला. "तुमच्या संस्थेला ५० हजार देणगी दिलीय, दहाबीई प्रमाणपत्र अजून का दिलं नाही?" मी म्हटलं, तुमचं नावही मला माहीत नाही. त्यांनी पावतीचा फोटो पाठवला. आमचं लेटरहेड, ८०जीचा आमचा क्रमांक, माझी सही. पैसे मात्र आमच्या खात्यात आलेच नव्हते.

हे जरा समजावून सांगते, कारण छोट्या संस्थांना याचा धोका कळलेला नसतो. तेव्हाच्या आयकर नियमांनुसार ८०जी असलेल्या संस्थेने वर्षभरातल्या देणग्यांचं विवरण फॉर्म १०बीडीत ३१ मेपर्यंत भरायचं असे आणि देणगीदाराला १०बीई प्रमाणपत्र द्यायचं असे. देणगीदाराची करसवलत त्यावर टिकत असे. विवरणात नसलेली पावती बाजारात फिरत असेल, तर पहिला प्रश्न संस्थेलाच विचारला जातो. पैसे गेले तर पुन्हा उभे करता येतात. ८०जी गेलं असतं तर आमचे चार-पाच हजारांचे देणगीदारही गेले असते.

त्या रात्री मी सीएंना सगळं सांगितलं, पंधरा टक्क्यांसकट. ते रागावले नाहीत. मंजुरीपत्र समोर घेतलं आणि कंपनीच्या सीआयएनवर, म्हणजे तिच्या सरकारी नोंदणी क्रमांकावर, बोट ठेवलं. हा क्रमांक २१ अक्षरांचा असतो. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा 'एल'ने सुरू होतो, नसलेल्या कंपनीचा 'यू'ने. ज्या कंपनीचं पत्र होतं ती शेअर बाजारात आहे हे शेंबडं पोरही सांगेल, आणि क्रमांक होता 'यू'चा. त्याच क्रमांकात कंपनी स्थापन झाल्याचं वर्षही असतं. ते होतं २०२१. कंपनी मंत्रालयाच्या वेबसाइटवर टाकून पाहिला तर भलत्याच कुठल्या व्यापारी कंपनीचा निघाला. मग इंग्रजी 'रिस्पॉन्सिबिलिटी' या शब्दातला एक 'आय' गळालेलाही दिसला. ते पत्र तीन महिने माझ्या कपाटावर होतं. तपासायला पाच मिनिटं लागली असती.

पुढे पोलिसांत तक्रार दिली. प्रकार १ जुलै २०२४ ला नवा फौजदारी कायदा लागू होण्याच्या आधीचा, म्हणून जुन्या ४२० खाली आणि बनावट कागदपत्रांच्या कलमांखाली. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवरही कळवलं, पण तोवर पैसे जाऊन तीन महिने झाले होते, खातं रिकामं. तो नंबर पहिल्या काही तासांत फिरवला तर रक्कम वाटेत अडवता येते, हे मला तिथे कळलं. विश्वस्तांची बैठक झाली. काका राजीनामा देतील असं मला वाटलं होतं. त्यांनी दिला नाही. म्हणाले, "पैसे गेल्याचं सांगितलंस, बरं केलंस. विचारलं नाहीस, याचं वाईट वाटतं." धर्मादाय कार्यालयाला आणि आयकर खात्याला लेखी कळवलं, वर्तमानपत्रात जाहीर सूचना दिली. आयांचे ४० हजार आम्ही अकरा महिन्यांत फेडले. बाकीचं अजून येणं आहे, तपास चालू आहे असंच उत्तर मिळतं.

खरा सीएसआर कसा येतो ते मी नंतर शिकले. कंपनीने स्वतः काढलेली संस्था नसेल, तर तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. कंपनी मंत्रालयाकडे सीएसआर-१ फॉर्म भरून संस्थेचा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. एप्रिल २०२१ पासून ते सक्तीचं आहे, आणि आमच्याकडे तो क्रमांकच नव्हता! म्हणजे ते मंजुरीपत्र खरं असूच शकत नव्हतं. त्या गृहस्थांनी सीएसआर-१ चा शब्दही काढला नाही, हे मला आज सगळ्यात ठळक दिसतं. पैसे द्यायला निघालेली कंपनी तुमची कागदपत्रं मागते, ऑडिट मागते, करार करते, आणि रक्कम संस्थेच्या खात्यात भरते. तुमच्याकडून डिपॉझिट घेत नाही. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरची नोंदणीही मोफत आहे, त्यासाठी हजारो रुपये मागणारे लोक मी नंतर पाहिले. कोणी कंपनीचं नाव सांगितलं तर तिच्या वेबसाइटवरचा फोन नंबर शोधून स्वतः लावा. पत्रावर छापलेला लावू नका.

आमचा मार्ग शेवटी घराजवळ निघाला. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय सक्तीची केली होती, आणि ती इतरांबरोबर सामाईकही चालत होती. सीएंनीच हे कलम काढून दिलं. मी आणि काका एमआयडीसीतल्या चौदा कारखान्यांच्या एचआरकडे गेलो. बाराजणांनी चहा पाजून परत पाठवलं. दोघांनी त्यांच्या कामगार बायकांच्या मुलांची फी दरमहा थेट आमच्या खात्यात भरायला सुरुवात केली. त्या भरवशावर शेजारची खोली भाड्याने घेतली. सहा नाही, तीन पाळणे आहेत. कार्तिकची बहीण आता दोन वर्षांची होऊन गेली, तिला त्यांचा उपयोग झाला नाही. दुसऱ्या तिघींच्या बाळांना होतोय.

जालन्याच्या ताईंना मी फोनवर एवढंच विचारलं, "त्यांनी परत काही टक्के मागितलेत का?" पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्या हळूच म्हणाल्या, "हो. पण ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही." मी म्हटलं, मलाही तसंच झालं होतं. आज रात्री तुमच्या सीएंना सांगा, मग पैशांचं ठरवा. आणि ते मंजुरीपत्र मला पाठवा.

त्यांनी पाठवलं. संस्थेचं नाव बदललेलं होतं, रक्कम बदललेली होती. सीआयएन तोच, 'यू'ने सुरू होणारा. 'रिस्पॉन्सिबिलिटी'तला 'आय' अजूनही गळालेलाच होता.