उद्यमबागेतलं टिंकरिंगचं शेड: गाडी तुमची, हातही तुमचेच

बेळगावात जुन्या गाडीचं टिंकरिंग, म्हणजे पत्र्याचं काम, करून देणारे पुष्कळ आहेत. उद्यमबागेतल्या या शेडमध्ये मात्र मेस्त्री ग्राइंडर आपल्या हातात देतात आणि स्वतः शेजारी उभे राहतात. मला शिकायचंच होतं, म्हणून मी इथं गेले.

गाडी बाबांची, टाटा २०७ पिकअप. वर्षानुवर्षं पोटॅशची पोती वाहिलेली, त्यात पाऊस खानापूरचा. खतातलं पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईड. ओल धरली की ते पत्रा खातं. हौद्याच्या तळाला वरून रंग शाबूत, आतून सगळा कुजलेला. मेस्त्रींनी लगेच कापू दिलं नाही. आधी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत जायचं, आवाज बद्द आला की खडूनं खूण करायची. कापायचं ते खुणेच्याही पुढं, चांगला पत्रा लागेपर्यंत. कुजक्या कडेवर वेल्डिंग धरत नाही.

वेल्डिंगला मिग आहे, म्हणजे गॅसच्या आडोशात आपोआप सरकणाऱ्या वायरनं जोडणारं मशीन; वायर ०.८ मिमी. एवढ्या पातळ पत्र्याला कांडीच्या साध्या आर्क वेल्डिंगनं भोकं पडतात. हात आधी भंगारातल्या तुकड्यांवर बसवून घेतात. मग गाडीची बॅटरी सोडायची आणि टाके मारायचे, एक इथं, एक लांब तिथं. सलग ओढलं तर पत्रा तापून पापडासारखा वाकतो. "अक्का, गार होऊ दे की, घाई कशाला करालाय?" असं मेस्त्री मला म्हणायचे, शेजारच्या पोराला हेच कानडीत. इतक्या सबुरीनं शिकवणारा माणूस मी वर्कशॉपमध्ये पाहिला नव्हता.

पत्र्यावरच्या बारीक खड्ड्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक ॲसिड. गंजाचं आयर्न फॉस्फेट होतं. ते धुऊन, पूर्ण वाळवून त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तर हात. नुसतं रेड ऑक्साईड, म्हणजे साधं तांबडं प्रायमर, स्वस्त पडतं, पण ओल तितकी अडवत नाही. आमच्याकडच्या पावसाला इपॉक्सीच घ्या.

रंग मात्र दुसरीकडे मारा. इथं ग्राइंडिंगची धूळ ओल्या रंगावर बसते. पावसाळ्यात गाडी आत ठेवायला जागा नाही. पैसे तासावर, गॅस आणि वायर वेगळी, पण हे आधीच सांगतात. वेल्डिंगच्या हेल्मेटच्या काचा जुन्या आहेत, आपलं न्यावं.

चेसिसला, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्याला, तडा असेल तर तो शिकाऊ हाताला देत नाहीत. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा स्पष्ट नाही म्हणाले. लोड घेऊन घाट उतरणाऱ्या गाडीला तेच योग्य.