अठराशे रुपयांचा रेझ्युमे

मी डिप्लोमा मेकॅनिकल, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत चार वर्षं क्वालिटीला. कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत जायचं डोक्यात होतं, पण माझा रेझ्युमे म्हणजे कॉलेजात मित्राचा उचलून नाव बदललेला. म्हणून राजारामपुरीतल्या एका दुकानात गेलो.

भिंतीवर नमुने चिकटवलेले. डावीकडं निळा पट्टा, गोलात फोटो, प्रत्येक कौशल्यापुढं भरत गेलेली पट्टी. लग्नपत्रिका निवडावी तसा मी निवडला. दुकानदार म्हणाला, "भावा, हे टेम्पलेट एटीएस रजिस्टर आहे. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये गेलं की तुझं नाव सगळ्यात वर." १८०० रुपये स्कॅन करून दिले. बिल मागितलं नाही, हा गाढवपणा माझा.

एटीएस म्हणजे अर्ज घेणारं सॉफ्टवेअर. ते रेझ्युमेतला मजकूर वाचून नाव, शिक्षण, अनुभव आपापल्या रकान्यात भरतं. कंपनीगणिक ते वेगळं असू शकतं, आणि टेम्पलेटची रजिस्टर-बिजिस्टर काही भानगड नसते. हे मला पैसे गेल्यावर कळलं.

दोन महिने ऑनलाइन अर्ज टाकले. एक फोन नाही. शेवटी ओळखीच्या सुपरवायझरला धरून गोकुळ शिरगावच्या एका कंपनीत प्रिंट घेऊन गेलो. साहेबांचा पहिलाच प्रश्न, "सॅपचं कुठलं मॉड्यूल केलंय?"

सॅप, म्हणजे कंपनीचा माल-हिशोब ठेवायचं सॉफ्टवेअर, मी स्टोअरवाल्याच्या स्क्रीनवर लांबनं बघितलंय, तेवढंच. पण कागदावर सॅप होतं, ७० टक्के! टेम्पलेटमध्ये पट्ट्या पाच, मी कौशल्यं सांगितलेली चार; पाचवी त्यानं मनानं भरली होती. मी तो कागद घरी नीट वाचलासुद्धा नव्हता. साहेबांनी पुढं विचारलं, "मायक्रोमीटर ८० टक्के येतो म्हणजे काय हो? उरलेलं २० टक्के कोण मोजतं?"

ती नोकरी हुकली, पण माणूस भला. माझी पीडीएफ त्यांनी कॉम्प्युटरवर उघडली आणि माझ्या नावावरनं माउस ओढला. अक्षरं सिलेक्टच होईनात. अख्खं पान एक चित्र होतं! "अर्जात तुमचं नावच कोरं जात असणार," म्हणाले.

दुकानात परत गेलो, वर्डची फाइल मागितली. "फाइल देत नाही. दुरुस्ती असेल तर ३०० पडतील." रजिस्टरचं विचारलं तर म्हणे, असं मी बोललोच नाही. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन करायचं मनात आलं. पण माझ्याकडं पैसे गेल्याचा मेसेज सोडून हातात काय होतं?

आता गूगल डॉक्समध्ये स्वतः केलाय, फुकटात. एकच कॉलम, फोटो नाही, पट्ट्या नाहीत. कुठली कास्टिंग तपासली, रिजेक्शन किती होतं नि किती राहिलं, ते आकड्यात लिहिलंय. पाठवायच्या आधी सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकून बघतो, क्रम जाग्यावर राहतो का.

परवा कंपनीतल्या एका पोराचा असाच तपासला. त्याचा निदान सिलेक्ट तरी होत होता. पण दोन कॉलमचा असल्यामुळं आयटीआयचं साल आमच्या फाउंड्रीच्या नावापुढं जाऊन बसलं, आणि मोबाइल नंबर छंदांच्या खाली. कुठनं केलास विचारलं, तर तेच दुकान. त्यानं घासाघीस करून १२०० ला आणला होता.