७७/३०० : कान्डिन्स्कीचा ‘सही केलेला’ वुडकट आणि गेलेले १,९२,४०० रुपये

१,८४,००० रुपये चित्राचे, ६,५०० पॅकिंग-कुरियरचे, १,९०० फ्रेम उघडून घेण्याचे. आकडे आधीच देतो, नाहीतर ‘थोडक्यात निभावलं’ म्हणणारे भेटतात.

वस्तू काय, तर रशियन चित्रकार वासिली कान्डिन्स्कीचा रंगीत अमूर्त वुडकट, म्हणजे लाकडी ठोकळ्यावरून छापलेलं चित्र, १९१३ च्या ‘क्लेंगे’मधला. उजवीकडे खाली पेन्सिलची सही, डावीकडे ७७/३००, म्हणजे ३०० प्रतींतली ७७वी. सोबत सोनेरी शिक्क्याचं सर्टिफिकेट. त्या कागदाची लायकी सगळ्यांना माहीत आहे, सोडून देऊ.

जळफळाट होतो तो ७७/३०० वरून. ‘क्लेंगे’ हे पुस्तक आहे. म्युनिकच्या पीपर या प्रकाशकाने काढलेलं, ५६ वुडकट, त्यांतले १२ रंगीत, आणि सोबत गद्यकविता. सहीच्या प्रती ३००. पण क्रमांक आणि सही पुस्तकात एकदाच, मुद्रणाचा तपशील असतो त्या पानावर. आतल्या चित्राखाली ना पेन्सिलची सही, ना क्रमांक. फार तर ठोकळ्यातच कोरलेली त्रिकोणातली ‘के’ची खूण. म्हणजे पुस्तकाचा खरा आकडा उचलून सुट्या कागदावर लिहिला होता. आणि हे मला ठाऊक होतं! फोटो उघडला तेव्हा नजर तिथेच गेली, आणि मनात आलं काय? ‘वा, ३०० च, बरोबर आहे.’ अर्धवट माहिती नसती तर कदाचित वाचलो असतो.

मूर्खपणा मान्य, पण सगळाच नाही. किंमत बाजारापेक्षा कमी होती, संशय यावा इतकी कमी नव्हती. विक्रेता रंगांच्या रजिस्ट्रेशनबद्दल, म्हणजे वेगवेगळ्या ठोकळ्यांचे रंग नेमक्या जागी बसवण्याबद्दल, नीट बोलत होता. पाठीचा फोटो मागितला, तर म्हणाला, ‘फ्रेम सील आहे, उघडली की भाव पडतो.’ तिथेच फोन ठेवायला हवा होता. काचेआडचा प्रिंट विकत घ्यायचा नसतो.

वुडकटमध्ये ठोकळ्याचा उठावाचा भाग शाईसकट कागदावर दाबला जातो. शाई कडेला ढकलली जाते, म्हणून आकाराभोवती बारीक गडद किनार दिसते. दाब जास्त असेल तर पाठीवर बोटाला कळतो. सपाट रंगात बऱ्याचदा लाकडाच्या रेषा उमटतात. दोन ठोकळ्यांचे रंग एकमेकांवर आले की तिसरी छटा होते, पण ती शाईवर शाई असते, ठिपके नव्हेत. इथे हिरव्यावर दहा पटीचं भिंग ठेवलं: निळे-पिवळे ठिपके, फुलासारखी चक्रं करून बसलेले. ऑफसेट, म्हणजे यंत्रावरची ठिपक्यांची छपाई! अंधारात अतिनील टॉर्च मारला तर कागद निळसर पांढरा पेटला. ती चमक आणणारी द्रव्यं कागदात साधारण १९५० च्या सुमारास येऊ लागली. सही मात्र अस्सल पेन्सिलची, तिरप्या उजेडात चकाकणारी. पेन्सिल दहा रुपयांना मिळते.

मग तक्रार. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला तोवर अकरा दिवस उलटले होते आणि पैसे खात्यातून पुढे गेले होते. तो नंबर फसवणूक कळताच, त्याच तासात लावायचा. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, ‘वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली?’ खोटं सांगून पैसे काढले, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं, हे मीच सांगायचं. दुसरा प्रश्न, ‘हे उलटं आहे की सुलट?’ तिसऱ्या खेपेला तज्ज्ञाचा दाखला मागितला. कोणाचा चालेल? ‘अधिकृत माणसाचा.’ अधिकृत कोण? ते साहेबांना विचारा. साहेब बंदोबस्तावर. ज्या वेबसाइटवर विक्रेत्याचं पान होतं ते म्हणाले, व्यवहार बाहेर झाला, आमचा संबंध नाही. (४ टक्के सूट मिळते म्हणून पैसे थेट खात्यावर टाकले होते. हसा.) बँकेने तर ‘तुम्ही स्वतःच पाठवलेत’ एवढ्यावर संपवलं. पोलिसांच्या कागदावर वस्तूची नोंद झाली ती ‘रंगीत पोस्टर, एक नग’. सगळ्या प्रकरणातलं तेवढंच वर्णन अचूक आहे.

वर्णनात ‘आफ्टर कान्डिन्स्की’ असेल तर ती त्याच्या हातची छपाई नव्हे, तो शब्द बारीक अक्षरात शोधा. कागदाचं माप टेप लावलेल्या फोटोसह मागा. ‘क्लेंगे’चं पान जवळजवळ चौकोनी, २८ सेंटिमीटरच्या आसपास असतं. हान्स कोनराड रोएथेलने केलेल्या कान्डिन्स्कीच्या मुद्राचित्रांच्या सूचीतला क्रमांक विचारा. टाळाटाळ झाली की विषय संपला. पार्सल उघडताना न थांबवता व्हिडिओ करा, माझ्याकडे नाही.

त्या विक्रेत्याचं पान अजून चालू आहे. परवा तिथे आणखी एक ‘क्लेंगे’ चढलं, पेन्सिलच्या सहीसह: १३८/३००.