छत्तीस हजारांची छत्री

बिलावरचा आकडा आधीच सांगून टाकते: 36,621 रुपये. त्यातले 31,488 रुपये अशा वस्तूचे, जी माझ्या गाडीत बसवलीच नव्हती. आणि हे मला कळलं तेही निव्वळ योगायोगानं. नाहीतर आजही मी लोकांना सांगत फिरले असते, की महाग पडलं खरं, पण काम कंपनीत केलेलं बरं.

आम्ही फोंड्याला राहतो, माझं ऑफिस पणजीत. नवरा बोटीवर, वर्षातले सात-आठ महिने बाहेरच. त्यामुळे गाडीचं हवापाणी सगळं माझ्याकडे. गाडी 2019 च्या डिसेंबरात घेतलेली, सहा एअरबॅगवालं वरचं मॉडेल. लहान पोर मागे बसणार म्हणून तेव्हा हौसेनं जादा पैसे मोजले होते. वॉरंटी केव्हाच संपली. रोजचा रस्ता म्हार्दोळ, कुंडई, भोम, बाणस्तारी, जुनं गोवं. पावसात या रस्त्याचं काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको.

9 जुलै 2025 ला भोमच्या वळणावर डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. पट्टा लावून बसलेला माणूस आणि त्याच्यापुढे मोठा चेंडू, तो एअरबॅगचा. तसा हा दिवा रोज सकाळी गाडी चालू करताना दिसतोच. पाच-सहा सेकंद राहतो आणि विझतो, म्हणजे यंत्रणेनं स्वतःला तपासून बघितलं आणि सगळं ठीक आहे. चालत्या गाडीत पेटून तसाच राहिला, की समजायचं कुठेतरी बिघाड आहे आणि धडक झाली तर एअरबॅग उघडेलच याची खात्री नाही.

घरी आल्यावर भाच्यानं सहाशे रुपयांचं ब्लूटूथवालं यंत्र आणलं, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावलं आणि मोबाइल बघून म्हणाला, "मामी, एकपण फॉल्ट नाही. सेन्सर वेडा झालाय, सोड." पुढे कळलं की ही स्वस्तातली यंत्रं बहुतेक करून इंजिनाचे, म्हणजे पी अक्षरानं सुरू होणारेच बिघाडाचे कोड वाचतात. एअरबॅगचे कोड बी-चे, एबीएसचे (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सी-चे. ते वाचायला त्या गाडीच्या एअरबॅग युनिटशी (बॅग कधी उघडायची ते ठरवणारा डबा, यालाच कंट्रोल मॉड्यूल म्हणतात) बोलू शकणारा स्कॅनर लागतो. त्यामुळे मोबाइलवर 'फॉल्ट नाही' दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. दिवा पेटलेला असताना तर मुळीच नको.

मी सरळ डीलरच्या वर्कशॉपमध्ये गेले. नाव लिहीत नाही. काचेचं दार, एसी, कॉफीचं मशीन, सगळं होतं. सर्व्हिस अॅडव्हायझर पंचविशीतला, फार नम्र. गाडी आत नेली. पाऊण तासानं तो टॅब घेऊन आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, एअरबॅगचा कंट्रोल मॉड्यूल गेलाय. पावसाचं पाणी लागलं असणार. अशी गाडी चालवू नका. बॅग कधीही तोंडावर फुटेल."

या शेवटच्या वाक्यानं माझा धीर सुटला. डोळ्यांपुढे पोरगी आली. आता शांतपणे बघितलं तर ते वाक्य उलटं आहे. दिवा लागला की भीती असते ती बॅग न उघडण्याची. पण भेदरलेला माणूस प्रश्न विचारत नाही, आणि समोरच्याला तेच हवं असतं. मी विचारलं ते फक्त, "किती?" कोड कोणता आला, त्याचा कागद द्या, कोड आत्ताचा आहे की जुना साठलेला, यातलं एकही तोंडातून बाहेर पडलं नाही.

14 जुलैचं बिल असं: मॉड्यूल 24,600, त्यावर तेव्हाचा 28 टक्के जीएसटी, मिळून 31,488. लेबर कर धरून 4,130. स्कॅनिंगचे 1,003. जुना पार्ट मागितला तर म्हणाला, "तो कंपनीला परत पाठवावा लागतो, मॅडम." वॉरंटीत फुकट बदलून दिलेल्या पार्टाचं असं असतं. मी तर पैसे मोजले होते, म्हणजे जुना पार्ट माझाच. पण त्या वेळी मला वाटलं, असेल बाबा नियम. दिवा विझला होता, मी खूश होते. बोटीवरच्या नवऱ्याला फोटोसुद्धा पाठवला.

25 जुलैला, बरोबर अकराव्या दिवशी, दिवा पुन्हा हजर.

या खेपेला त्या मुलाचा सूर थोडा बदललेला. "मॉड्यूल ओके आहे मॅडम, आता क्लॉकस्प्रिंग गेलीय." सतरा हजार नऊशेचं एस्टिमेट. क्लॉकस्प्रिंग म्हणजे स्टिअरिंगच्या आत गुंडाळलेली चपटी वायर. चाक कितीही फिरवलं तरी हॉर्न, चाकावरची बटणं आणि ड्रायव्हरची एअरबॅग यांची जोडणी तिच्यामुळे टिकते. ती तुटली की बहुतेक वेळा हॉर्न किंवा बटणंही बंद पडतात. माझा हॉर्न मात्र भोमच्या ट्रकवाल्यांना पुरून उरेल इतका ठणठणीत. हे मला बोटीवरून नवऱ्यानं सुचवलं. मी "विचार करून सांगते" म्हटलं आणि तिथून निघाले.

सासरे म्हणाले, खांडेपारच्या बाजूला एक ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, आधी त्याला दाखव. 2 ऑगस्ट, शनिवार. पत्र्याची शेड, बाहेर चिखल, आत रेडिओ. मेस्त्रीनं पहिलं काम केलं ते स्कॅनर लावून पडदा माझ्याकडे वळवायचं. कोड बी-चा. खाली लिहिलेलं, ड्रायव्हर बाजूच्या साइड एअरबॅगच्या, म्हणजे सीटच्या कडेला बसवलेल्या बॅगेच्या, सर्किटमध्ये रेझिस्टन्स जास्त. मग त्यानं मला विचारलं, "बाय, सीटखाली काय ठेवता?"

छत्री. पावसाळाभर ओली छत्री मी ड्रायव्हर सीटखाली सारते. उतरताना हाताला लागते म्हणून.

त्यानं बॅटरीचा निगेटिव्ह काढला आणि म्हणाला, आता दहा मिनिटं थांबू. एअरबॅगच्या युनिटमध्ये थोडा करंट साठलेला असतो, तो उतरल्याशिवाय त्या वायरींना हात लावायचा नाही. चहा झाला. मग सीट पुढे-मागे सरकवून त्यानं टॉर्च मारला. सीटखाली अंगठ्याएवढा पिवळा कनेक्टर. एअरबॅगच्या जोडण्या पिवळ्या असतात, लगेच ओळखू याव्यात म्हणून. तो अर्धवट सुटून लोंबत होता. प्लास्टिकवर छत्रीच्या काडीचे ओरखडे स्पष्ट दिसत होते, आणि आतल्या दोन पिनांपैकी एकीवर तांब्याच्या जुन्या भांड्यावर चढतो तसा हिरवा थर. एअरबॅगच्या सर्किटचा रेझिस्टन्स असतोच मुळी दोन-तीन ओहम. एवढासा थरसुद्धा त्यात मोठा फरक पाडतो, आणि युनिटला लगेच कळतं.

कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा, मऊ ब्रश, कनेक्टर 'टक्' असा आवाज येईपर्यंत दाबला, वायर झिप टायनं सीटच्या फ्रेमला बांधली. बॅटरी जोडली, कोड पुसला. दिवा सहा सेकंद लागून विझला. नुसता कनेक्टर बसवून दिवा गेला नसता, कारण पुष्कळ गाड्यांमध्ये कोड स्कॅनरनं पुसावा लागतो. आणि गोम इथेच आहे. जोडणी त्या क्षणी लागत असेल, तर काहीही दुरुस्त न करता नुसता कोड पुसला तरी दिवा विझतो. कनेक्टर पुढच्या खड्ड्यात हलेपर्यंत गिऱ्हाईक समाधानी.

सातशे रुपये झाले. पुन्हा ओल धरली तर कनेक्टरच नवा टाकू, हेही त्यानं सांगून ठेवलं. मी पैसे काढता काढता म्हटलं, आमचा मॉड्यूलपण नवाच आहे, गेल्या महिन्यात बदलला. मेस्त्री थांबला. "बघू?" म्हणाला. बॅटरी पुन्हा काढली, पुन्हा दहा मिनिटं. मग गिअरजवळच्या कन्सोलचं बाजूचं कव्हर सोडवून त्यानं मला वाकून बघायला सांगितलं. आत जमिनीला बोल्ट केलेला ॲल्युमिनियमचा चपटा डबा. बोल्टांच्या डोक्यांवर तांबूस गंज आणि धूळ, पाना लागल्याची खूण नाही. डब्याच्या स्टिकरवर उत्पादनाची तारीख 2019 ची.

"बाय, हो बदलूंकच ना," मेस्त्री एवढंच म्हणाला. म्हणजे हा बदललेलाच नाही. मी सगळ्याचे फोटो काढले. माझा हात थरथरत होता, त्यातले दोन हलले.

सोमवारी शोरूमच्या मॅनेजरला ईमेल केला. बिल, बोल्टांचा फोटो, स्टिकरचा फोटो, आणि तीन प्रश्न: बसवलेल्या मॉड्यूलचा सिरियल नंबर काय, त्याच्या खोक्यावरचं एमआरपीचं लेबल कुठे, माझा जुना पार्ट कुठे. प्रत कंपनीच्या कस्टमर केअरला. उत्तर नाही. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवली आणि तिचा नंबर टाकून दुसरा ईमेल केला. त्यात लिहिलं, की ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे जिल्हा आयोगात जायला माझ्याकडे दोन वर्षं आहेत आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. आवाज चढवायची गरज पडली नाही. काउंटरवर भांडले असते तर तो नम्र मुलगा तेवढा माझ्यापुढे उभा केला असता.

तिसऱ्या दिवशी मॅनेजरचा फोन. "बिलिंग एरर झाली मॅडम, दुसऱ्या गाडीचं जॉबकार्ड तुमच्या बिलात मिसळलं." म्हणजे त्या दुसऱ्या गाडीचं बिल कुणी भरलं, हे मी विचारलं. त्यावर लाइन खराब झाली.

मेस्त्रीकडे चहा पिताना शेजारच्या गाडीची गोष्ट कळली, तीही सांगते. तिचा एबीएसचा पिवळा दिवा लागला होता आणि कुणीतरी अख्खं एबीएस युनिट बदलायला सांगितलं होतं. निघाली चाकाजवळच्या स्पीड सेन्सरची वायर, उंदरानं कुरतडलेली. एबीएसचा दिवा एकटा असेल तर साधा ब्रेक लागतो, पण जोरात दाबल्यावर चाक जाम होऊ शकतं, म्हणून सावकाश चालवत गॅरेज गाठायचं. त्याच्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल तर मात्र गाडी बाजूला घेऊन उभीच करायची. आधी हँडब्रेक ओढलेला राहिलाय का आणि ब्रेक ऑइल कमी झालंय का ते बघायचं. तसं काही नसेल तर चालवत न्यायची नाही, टो करायची.

आणि एक. माझं वाचून सीटखाली हात घालू नका. पिवळ्या कनेक्टरला मल्टिमीटर तर अजिबात लावायचा नाही, त्याच्या करंटनं बॅग फुटू शकते. तिथे फुटायची भीती खरी आहे. तुम्ही एवढंच करा: सीटखाली पाण्याची बाटली, छत्री, चपला आहेत का बघा, दिवा कधी लागला ते लिहून ठेवा, आणि स्कॅनचा पडदा स्वतः बघून फोटो घ्या. नुसता कोडसुद्धा पार्ट बदला असं सांगत नाही, कोणत्या सर्किटमध्ये गडबड आहे तेवढंच सांगतो. पुढचं माणसानं वाकून शोधायचं असतं, आणि वाकायला वेळ लागतो. जॉबकार्डावर सही करताना 'जुना पार्ट परत हवा' हे शब्द स्वतःच्या हातानं लिहा. मी आता लिहिते. मागच्या सर्व्हिसला एअर फिल्टरसुद्धा पिशवीत घालून दिला त्यांनी, मेस्त्रीच्या शेडमध्ये. तिथे त्याची गरज नव्हती, पण सवय लागली.

गणेश चवथीच्या पाच दिवस आधी 31,488 रुपये खात्यात जमा झाले. लेबर आणि स्कॅनिंगचे मात्र देत नाहीत. म्हणे, दिवा तर बंद करून दिला होता ना. न बसवलेली वस्तू बसवण्याचं लेबर कसलं, हा माझा प्रश्न ईमेलवर तसाच पडून आहे. त्याऐवजी फुकट इंटीरियर क्लीनिंगचं कुपन आलं, तेही सीटखालच्या सफाईसकट. ते मी वापरणार नाही.

छत्री आता डिकीत असते. ऑफिससमोर उतरून डिकीपर्यंत जाईतो मी रोज भिजते.